सातबाऱ्यावरचा वारस

पिंपळे सौदागर म्हटले की आज पुणेकराला उंच गृहसंकुले आणि गर्दीचे रस्ते आठवतात. शंभर वर्षांपूर्वी ते पवनेच्या काठचे शेतकऱ्यांचे गाव होते. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी या गावाची घराघरांतून आणि शेताशेतांतून पाहणी केली आणि १९१७ साली तिचे पुस्तक प्रसिद्ध झाले. एखाद्या दख्खनी गावाच्या जमिनीचा इतका बारीक हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता. १७७१ साली त्या गावात एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. पेशवाई बुडाली त्या १८१८ साली ती साडेसतरा एकरांवर आली होती, आणि मान पाहणी करत होते तेव्हा अवघी ७ एकर उरली होती. तीही एका जागी नव्हती. १५६ खातेदारांच्या जमिनीचे ७२९ तुकडे पडले होते, आणि त्यांतले ४६३ एका एकरापेक्षा लहान होते.

या दीडशे वर्षांत तिथल्या शेतकऱ्याच्या मरणावर कोणी कर बसवला नव्हता. बाप गेला, मुलांनी वाटणी केली, नवा बांध पडला. पुढच्या पिढीने पुन्हा तेच केले.

वारसा कराबद्दल आपल्याकडे अधूनमधून जोरात बोलले जाते. कोणी नेता एखादे वाक्य बोलतो, आठवडाभर चर्चा पेटते आणि विझते. त्या चर्चेत शेतजमीन बहुधा नसते. शेतकऱ्याच्या घरात वारसा हा कराचा प्रश्न झालाच नाही, तो नोंदीचा, वाटणीचा आणि बहिणीचा प्रश्न राहिला. कर नाही म्हणून शेताचा वारसा फुकट मिळतो, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. त्याची किंमत कोणीतरी मोजतोच. ती कोण मोजतो, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

कर आपल्याकडेही होता. ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवरचा कर, म्हणजे इस्टेट ड्यूटी, देशात लागू झाला. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. कायद्याचा साचा ब्रिटनच्या १८९४ सालच्या कायद्याचा होता आणि हेतू उघड होता: काही मोजक्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या साचणारी संपत्ती थोडी विरघळावी. दर वाढत वाढत सर्वांत वरच्या टप्प्यावर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. इतक्या चढ्या दराचा कर चुकवण्याकडेच श्रीमंतांची सारी बुद्धी लागली. १९८५ च्या अर्थसंकल्पात विश्वनाथ प्रताप सिंह यांनी तो रद्द केला, तेव्हा वर्षाला जेमतेम २० कोटी रुपये हाती येत होते आणि वसुलीचा खर्च त्या मानाने फार होता. शेतजमिनीचा विषय घटनेने मुळातच वेगळा ठेवला आहे. शेतजमिनीवरचा वारसा कर आणि शेतीच्या उत्पन्नावरचा आयकर, दोन्ही राज्यांच्या यादीत येतात. केंद्राने उद्या वारसा कर पुन्हा आणायचा म्हटले, तरी सातबाऱ्यावरची जमीन त्यात आपोआप येणार नाही.

आज महाराष्ट्रात बापाची जमीन मुलांच्या नावावर येताना आयकर लागत नाही आणि मुद्रांक शुल्कही लागत नाही. जमीन शहराच्या हद्दीपासून कायद्याने ठरवलेल्या अंतरापलीकडे असेल, तर ती विकल्यावर भांडवली नफ्याचा करही बसत नाही. जगातल्या अनेक देशांतल्या शेतकऱ्याला हे ऐकून हेवा वाटेल.

ब्रिटनमधल्या शेतकऱ्याला तर नक्कीच. तिथे ३,२५,००० पौंडांवरच्या वारशावर ४० टक्के कर आहे, पण १९९२ पासून कसत्या शेतजमिनीला त्यातून बहुतांशी पूर्ण सूट होती. ३० ऑक्टोबर २०२४ रोजी अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी ती सूट आवळली. एप्रिल २०२६ पासून पहिल्या १० लाख पौंडांपर्यंत पूर्ण सूट, त्यावर निम्मी, म्हणजे प्रत्यक्षात २० टक्के कर. तीनच आठवड्यांत हजारो शेतकरी लंडनच्या रस्त्यावर उतरले. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासारखे आहे. तिथे जमिनीला किंमत प्रचंड आहे आणि त्या मानाने शेतीतून निघणारे पैसे फारच थोडे. कागदावर लाखो पौंडांचा मालक असलेल्या माणसाच्या खात्यात कर भरण्याइतकी रक्कम नसते, म्हणून बाप गेल्यावर शेताचा एखादा भाग विकूनच कर भरावा लागेल. सरकारची बाजूही पोकळ नव्हती. कर वाचवण्यासाठीच शेती विकत घेणारे धनिक वाढले होते, आणि त्यामुळे खऱ्या शेतकऱ्यासाठी जमीन महाग होत होती. वर्षभराच्या ओढाताणीनंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, सरकारने पूर्ण सुटीची मर्यादा २५ लाख पौंडांपर्यंत वाढवली.

त्या भांडणात दोन्ही बाजूंनी एक गोष्ट गृहीत धरली होती: शेत अखंड राहिले पाहिजे. इंग्लंडात जमीन थोरल्याकडे जाण्याची चाल जुनी आहे. उत्तर जर्मनीत आजही अनेक शेतांना लागू असलेल्या कायद्याप्रमाणे एकच वारस शेत घेतो आणि बाकीच्यांना कमी मोलाने ठरवलेली भरपाई मिळते. आपल्या मिताक्षरा परंपरेने, म्हणजे जुन्या हिंदू वारसा कायद्याने, याच्या उलट वाट धरली. मुलगा जन्मला की वडिलोपार्जित जमिनीत त्याचा हिस्सा ठरला आणि सगळ्या मुलांचा हिस्सा सारखा झाला. भावाभावांतला न्याय म्हणून ही पद्धत उजवी आहे, यात मला शंका नाही. पण ती न्यायाची रक्कम जमिनीच्या अंगातून काढते.

महाराष्ट्रातल्या खातेदाराची सरासरी जमीन १९७०-७१ च्या कृषी गणनेत ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. खाती सुमारे ५० लाखांवरून दीड कोटीच्या वर गेली. पिंपळे सौदागरच्या वाटेने सगळा महाराष्ट्र चालला.

हे थांबवण्याचा विचार इंग्रजी अमदानीतच सुरू झाला. मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक कीटिंग यांनी एकाच वारसाकडे जाणारे, न विभागता येणारे शेत अशी कल्पना मांडली होती. तिला सर्वांत कसून उत्तर दिले ते कोलंबियाहून परतलेल्या, सत्ताविशीतल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९१८ च्या त्यांच्या लेखाचा विषयच भारतातील लहान शेते आणि त्यांवरचे उपाय हा होता. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्याच्यावर राबणारे हात आणि त्यात घातलेले भांडवल यांच्या प्रमाणात ते पाहावे लागते, हा त्यांचा मुद्दा आजही तितकाच खणखणीत आहे. जमिनीचे तुकडे वारसा कायद्याने पडत नाहीत, शेतीखेरीज दुसरे काही हाताशी नसलेल्या माणसांच्या संख्येने पडतात. म्हणून उपाय कायद्यात शोधण्यापेक्षा कारखानदारीत शोधा, असे ते म्हणत होते. १९२७ साली मुंबई विधिमंडळात लहान धारणांविषयीचे विधेयक आले तेव्हाही त्यांनी विरोध केला. एकाला अखंड शेत द्यायचे म्हणजे बाकीच्या भावांना भूमिहीन करायचे, ही त्यातली मेख त्यांना दिसत होती.

तरीही १९४७ साली मुंबई प्रांतात तुकडेबंदीचा कायदा झालाच. त्याप्रमाणे जिल्ह्याजिल्ह्यांत जमिनीचे किमान प्रमाणभूत क्षेत्र ठरले आणि त्याहून लहान तुकडा पाडायला बंदी आली. २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे कमी करण्यात आले. कायद्याचे गणित एका घरात घालून पाहू. पाच एकर जिरायत, बाप वारला, मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. प्रत्येकाला एक एकर, म्हणजे ४० गुंठे. पुढच्या पिढीत त्या एका एकराचे बायको आणि दोन मुले मिळून तीन वाटे पडले की प्रत्येकी १३ गुंठे आले. हा तुकडा कायद्याला मान्य नाही. त्यामुळे वेगळी खाती होत नाहीत. कागदावर जमीन सामाईक राहते आणि रानात भाऊ आपापल्या वहिवाटीने कसत राहतात. मृत्यू कायद्याला विचारून येत नाही आणि वारसही कायद्याला विचारून जन्मत नाहीत. तुकडेबंदीने तुकडे थांबले नाहीत, ते कागदावर दिसेनासे झाले, आणि दिसत नसलेल्या तुकड्याला ना कर्ज मिळते ना विहिरीचे अनुदान.

इथून पुढे सगळा भार नोंदीवर येतो, म्हणून नोंद कशी होते ते नीट माहीत हवे. खातेदार वारला की वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठी म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी. मृत्यूचा दाखला आणि सगळ्या वारसांची नावे सांगणारे शपथपत्र द्यावे लागते. आता हा अर्ज ई-हक्क प्रणालीवर घरबसल्याही करता येतो. तलाठी आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, वारस लिहितो. मग गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतो आणि संबंधितांना नोटीस देतो. १५ दिवसांत हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतो. मगच सातबाऱ्यावरचे मयताचे नाव कंसात जाते आणि वारसांची नावे लागतात. हरकत आली तर तक्रार नोंदवहीत नोंद होते आणि सुनावणी लागते.

एवढे सरळ काम वर्षानुवर्षे का रखडते? बहुतेक घरांत कारण एकच असते. जोवर बापाचे नाव आहे तोवर कोणाचा किती हा प्रश्न उघड विचारावा लागत नाही. आजोबांचे नाव तसेच राहते, मग बाप जातो, मग चुलते जातात, आणि एके दिवशी नातू पीककर्जाला बँकेत जातो तेव्हा खात्यावर तीन मयत माणसे निघतात. मग तीन पिढ्यांचे वारस शोधायचे, त्यांतले दोघे सुरतेला, एक आत्या बेळगावला, एकाचा मृत्यूचा दाखलाच नाही. पीएम-किसानचे पैसेही नावावर जमीन असलेल्यालाच मिळतात. तिथे १ फेब्रुवारी २०१९ नंतर नावावर आलेली जमीन धरत नाहीत, पण वारशाने आली असेल तर सूट आहे, अर्थात वारस लागला असेल तरच. राज्य सरकारने २०२५ साली ‘जिवंत सातबारा’ ही मोहीम काढून मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावे लावायला घेतली. सुरुवात बुलढाण्यातून झाली आणि मग ती राज्यभर नेली. मोहीम चांगलीच. पण अशी मोहीम काढावी लागली, यावरूनच किती सातबारे मेलेल्यांच्या नावावर चालले होते याची कल्पना यावी.

आणखी एक गोष्ट गावोगाव ठासून सांगायला हवी. फेरफार म्हणजे मालकी नव्हे. सातबारा हा महसूल वसुलीचा कागद आहे. तो खरा मानला जातो, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. ज्याचे नाव राहून गेले त्याचा हक्क गेला असे होत नाही, न्यायालयांनी हे पुन्हापुन्हा सांगितले आहे.

आता बहिणीकडे येऊ. वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात मुलीला मुलाइतका वाटा १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासूनच आहे. वडिलोपार्जित जमिनीत जन्मापासून हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राच्या दुरुस्तीने तो फरकही गेला. त्या दिवशी वडील हयात असायला हवेत का, यावर पुढे बरीच वर्षे घोळ चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात तो मिटवला: हक्क जन्माने येतो, वडील हयात असण्याची अट नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

कायदा इतका स्पष्ट असताना सातबाऱ्यावर बहिणी कमी का दिसतात? देशातल्या वहितीच्या खात्यांपैकी स्त्रियांच्या नावावर २०१५-१६ मध्ये जेमतेम १४ टक्के होती. पूर्वी वारसनोंदीत मुलांची नावे मालकाच्या रकान्यात जात आणि बहिणींची ‘इतर हक्क’मध्ये, जणू त्या सोसायटीच्या बोजासारख्या जमिनीवर बसल्या आहेत. आता नाव लागते, पण त्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्र तयार असते. त्यात मोबदला शून्य लिहिलेला असतो आणि कारण बंधुप्रेम. सही केली नाही तर माहेर तुटेल, दिवाळीला कोणी न्यायला येणार नाही, आईच्या आजारपणात दारात उभे करणार नाहीत, ही भीती त्या कागदावर कुठेच लिहिलेली नसते, पण सही तीच करून घेते. सगळ्याच बहिणी दडपणाखाली सही करतात असे नाही. भावाची ओढगस्त पाहून मनापासून सोडणाऱ्याही पुष्कळ आहेत. पण मनापासून सोडायचे तर आधी ते आपले आहे हे ठाऊक हवे, आणि पुष्कळ जणींना नेमका किती हिस्सा सोडला हे सही करतानाही सांगितलेले नसते.

वर घेतलेल्या पाच एकरांत दोन्ही बहिणींनी हक्क सोडला, तर आई आणि दोन भाऊ असे तीन वाटे राहतात आणि भावाला ४० ऐवजी ६६ गुंठे मिळतात. जमीन तुकड्यांपासून थोडी वाचते, हे खरे आहे. पण मग हे नीट म्हणायला हवे की आपल्याकडे शेत अखंड ठेवण्याचा कर सरकारने नव्हे, भावाने घेतला, आणि तो फक्त मुलींकडून घेतला. ब्रिटनमध्ये कर भरणारा शेत तरी राखतो. आमची बहीण शेत देते आणि तिच्या वाट्याला साडीचोळी येते. त्या जमिनीतून महामार्ग गेला आणि भरपाईची रक्कम आली की हाच मुद्दा न्यायालयात उभा राहतो, मग घराचे दोन तुकडे होतात ते वेगळेच.

हक्कसोडपत्राविषयी एक बाब भावांच्याही ध्यानात नसते. बहिणीने वडिलांच्या मागे आलेला हिस्सा सोडला म्हणून आईच्या हिश्श्यावरचा हक्क सुटत नाही. आई मृत्युपत्र न करता गेली, तर तिचा वाटा मुलगे आणि मुली यांच्यात पुन्हा सारखा विभागला जातो.

बायकांच्या नावाने जमीन करण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात पूर्वी झालेला आहे. १९८६ च्या चांदवडच्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांतच शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि अनेक गावांत पुरुषांनी स्वतःहून जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावे केला. शेतमालाच्या भावासाठी रस्ता अडवणाऱ्या माणसांनी हे केले, म्हणून मला त्याचे मोल मोठे वाटते. नवऱ्याच्या मागे विधवेला दिराच्या दारात उभे राहावे लागू नये, एवढा साधा हेतू होता.

मग शेत अखंड ठेवायचे की न्याय करायचा? मला हे दोन एकमेकांच्या आड येतातच असे वाटत नाही. मालकी पाच जणांची असली म्हणून नांगर पाच असायला हवेत असे नाही. बहिणीचे नाव राहावे, रान भावाने कसावे आणि वर्षाला ठरलेला खंड तिच्या खात्यात जमा करावा, ही सोय दोघांच्याही फायद्याची आहे. अडचण कूळकायद्याच्या भीतीची आहे. कसणाऱ्याचे नाव कुठे लिहिले तर तो कूळ होईल, या धास्तीने बटई आणि खंडाचे व्यवहार आजही बहुतेक तोंडीच होतात. नीती आयोगाने २०१६ मध्ये जमीन भाड्याने देण्याचा आदर्श कायदा सुचवला तो याच कारणाने. मालकी सुरक्षित ठेवून कसणाऱ्याला लेखी करार देणारा असा कायदा वारशाच्या प्रश्नालाही हात घालू शकतो.

कोकणात हा प्रश्न वेगळ्या रूपात भेटतो. तिथे एका सातबाऱ्यावर पन्नास नावे असणे नवलाचे नाही. बहुतेक जण मुंबईत, काही परदेशात. शेतजमीन अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही, पण वारशाने मिळू शकते, त्यामुळे न्यू जर्सीतला नातूही देवगडच्या कलमांचा सहहिस्सेदार असतो. गावात राहून बाग राखणाऱ्या चुलतभावाला फळबाग योजनेसाठी या सगळ्यांची संमतीपत्रे लागतात. ती मिळत नाहीत आणि कातळ पडून राहतो.

पलीकडे गोव्यात पोर्तुगीज नागरी कायद्याची परंपरा आहे, आणि तिच्यात आपल्याला घेण्यासारखे काही आहे. तिथे वारसांची यादी आणि मालमत्तेची यादी न्यायालयापुढे होते, आणि एखादी मिळकत विभागण्यासारखी नसेल तर वारसांमध्येच तिचा लिलाव होतो. जास्त बोली लावणारा ती अखंड घेतो आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याचे पैसे देतो. पैसे द्यावेच लागतात, बंधुप्रेमावर भागत नाही. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी तरतूद हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ मध्ये आहे. एका वारसाने आपला हिस्सा विकायचा ठरवला, तर तो आधी घेण्याचा हक्क बाकीच्या वारसांना असतो, आणि शेतजमिनीलाही हे लागू आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले. बाहेरच्या बिल्डरला बांधावर येऊ द्यायचे नसेल तर हे कलम फार कामाचे आहे.

ज्यांच्या नावावर आज जमीन आहे त्यांच्या हाती हयातीत तीन रस्ते आहेत. पहिला, जमीन महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली सगळ्यांच्या संमतीने वाटप करून घेणे. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक १०० रुपयांचा आहे आणि २०२५ मध्ये सरकारने त्यावरची नोंदणी फीही माफ केली. सहहिस्सेदारांत मुलीही येतात, त्यांच्या सह्यांशिवाय झालेले वाटप पुढे टिकत नाही. दुसरा, मृत्युपत्र. त्याची नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार मात्र हवेतच. पण वडिलोपार्जित जमिनीत मृत्युपत्र फक्त स्वतःच्या हिश्श्याचे करता येते, सगळ्या गटाचे नव्हे. तिसरा, बक्षीसपत्र. मुलांना आणि नातवंडांना शेतजमीन बक्षीस द्यायला मुद्रांक नाममात्र आहे, म्हणूनच ते घाईने केले जाते आणि म्हातारपणी पश्चात्ताप होतो. बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहिलेली असेल आणि मुलाने ती मोडली, तर ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्याखाली न्यायाधिकरणाकडे जाऊन ते रद्द करून घेता येते. अट लिहिली नसेल तर ही वाट फार अवघड होते. म्हणून सगळी जमीन एकदम देऊ नये. नवरा-बायको दोघांच्याही नावे, जिच्यावर दोघांचे पोट भरेल इतकी, पाण्याजवळची जमीन शेवटपर्यंत ठेवावी आणि ती मागे कोणाला जायची हे मृत्युपत्रात लिहावे, मुलींची नावे आणि हिस्से गुंठ्यांत घालून.